रक्तातली आग आणि पीपी शुगर

परवा सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर एका काकूंनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, मागून उघडलं आणि अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लग्न होतंय गं शेवटी!"

मी निम्म्यात होते.

फास्टिंग आणि पीपीच्या मधले दोन तास कसे असतात हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. रक्त द्यायचं, डब्यातले गार पोहे गिळायचे, बसायचं, पुन्हा रक्त द्यायचं. घरी जाऊन यावं तर रिक्षा मिळत नाही, बसावं तर समोर टीव्हीवर आवाज बंद केलेल्या बातम्या. पण मला हे दोन तास हवे होते. दारात कुरिअर नाही, गॅसवर दूध नाही, "माझा चष्मा पाहिलास का" नाही. पर्समध्ये न मावणारं पुस्तक मी खास कापडी पिशवीतून नेलं होतं. कॅसान्ड्रा क्लेअरच्या 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' मालिकेतलं सहावं आणि शेवटचं, 'सिटी ऑफ हेवन्ली फायर'. सव्वासातशे पानं. बाजारात आलं मे 2014 मध्ये, माझ्याकडे आलं आत्ता. आधीचे पाच भाग मी किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांतून जमवले होते आणि हा सहावा कुठल्याच ढिगात सापडेना. लोक शेवटचा भाग विकत नाहीत, किंवा तिथवर पोचतच नाहीत. मग मुकाट्याने पूर्ण किंमत मोजून मागवला.

"मुलीचं वाटतं?" काकूंनी सुरुवात इथून केली होती.

हा प्रश्न मला नवा नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईने कॉलेजच्या पोरांसाठी लिहिलेलं, त्यातून राक्षस-पिशाच्चांचं पुस्तक वाचायचं म्हणजे लोकांना काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. नवरा रात्री अकरापर्यंत जुन्या मॅचेसच्या हायलाइट्स बघतो. निकाल पाठ असलेल्या मॅचेस. ते त्याचं डोकं शांत करणं. मी न्यूयॉर्कमधले व्हॅम्पायर वाचले की "अगं, काहीतरी चांगलं वाचत जा." आणि मुलीचं म्हणाल तर तिने तिसऱ्या भागानंतर मालिका सोडली. "संपली की गोष्ट, आई," म्हणाली आणि बंगळुरूला नोकरीला निघून गेली.

"माझंच आहे," मी म्हटलं आणि पान उलटलं. सुसंस्कृत समाजात पान उलटणं हा पुरेसा इशारा असतो.

"इंग्रजी का? मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं शाळेत. काय गोष्ट आहे?"

आता इंग्रजीच्या बाईंनी गोष्ट विचारली की आमच्या पिढीचा माणूस आपोआप ताठ बसतो आणि थोडक्यात उत्तर देतो. मी सांगितलं, न्यूयॉर्कमधली एक पंधरा वर्षांची मुलगी, क्लॅरी. ती मित्राबरोबर क्लबमध्ये जाते आणि तिथे तिला अशी माणसं दिसतात, जी बाकी कुणालाच दिसत नाहीत.

"पंधराव्या वर्षी क्लबात?"

"सगळ्या वयाच्यांना सोडतात तिथे."

"आईला माहीत होतं?"

"आईनेच जादूगाराकडून तिची आठवण पुसून घेतलेली असते. तिला हे सगळं दिसू नये म्हणून."

"मग बरोबर आहे. पोरांपासून लपवलं की असंच होतं."

एव्हाना पलीकडचे आजोबा, कोपराच्या घडीत कापूस दाबून धरलेला, आमच्याकडे सरकले होते. मी त्यांनाही सामावून घेत सांगितलं की शहराच्या आत दुसरं शहर असतं. आपल्याला पडकं चर्च दिसतं, ते खरं तर राक्षस मारणाऱ्यांचं ठाणं असतं. ही माणसं अंगावर चिन्हं काढून घेतात आणि त्यातून त्यांना बळ मिळतं. पहिल्या भागाचा शेवट तर रूझवेल्ट बेटावर, देवीच्या रोग्यांसाठी 1856 मध्ये सुरू झालेल्या हॉस्पिटलात होतो आणि त्याचे भग्न अवशेष आजही तिथे खरोखर उभे आहेत.

"देवीचं हॉस्पिटल? मग तिथे असणारच," काकू म्हणाल्या. "आमच्या वाड्यात पिंपळावर मुंजा होता. सगळ्या बिऱ्हाडकरूंना माहीत होतं. त्याला काही एवढी पानं लागली नाहीत."

हा वार वर्मी बसला, कारण मलाही हे कधीतरी वाटून गेलं होतं. आमच्याकडे शनिवारवाड्यात नारायणराव 1773 पासून काकांना हाका मारतोय म्हणतात. आणि त्यावर आपण काय केलं? संध्याकाळी गेट बंद केलं. सहा भाग नाहीत, सिनेमा नाही, तीन सीझनची सिरियल नाही. क्लेअरबाईंना हे सगळं मिळालं. सिनेमा 2013 मध्ये आला आणि पडला, तरी सिरियल 2016 ते 2019 चालली. असो. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

"हिरो कोण?"

"जेस."

"जेस काय? आडनाव काय मुलाचं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण आडनाव विचारल्यावर गप्प बसणं आपल्याकडे शक्य नाही, समोरचा माणूस उत्तर मिळेपर्यंत श्वास घेत नाही.

"आधी वेलँड असतं."

"आधी म्हणजे?"

"मग कळतं की तो व्हॅलेंटाइन मॉर्गनस्टर्नचा मुलगा."

"दत्तक?"

"नाही. म्हणजे तसं वाटतं. मग कळतं तसंही नाही. तो वाढलेला असतो लाइटवुडांकडे. खरे आईवडील हेरॉनडेल. या भागात तो ठरवतो की आपण हेरॉनडेल लावायचं."

काकूंनी बोटं मोजली. "चार आडनावं. आधार कार्डाचं काय करायचं त्याने? माझं नुसतं स्पेलिंग चुकलं होतं तर दोन वर्षं हिंडवलं मला." आजोबांनी मान हलवली. त्यांचं बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव अजून जुळत नव्हतं. मग पाचेक मिनिटं ते दोघं केवायसीवर बोलत होते आणि मला दीड पान मिळालं. त्या सबंध सकाळीतलं तेवढंच.

"थांब," काकू वळल्या. "हा मॉर्गनस्टर्न. तो मुलीचा कोण?"

"वडील."

"आणि मुलीचं या जेसशी जमलंय."

"हो."

"म्हणजे मधे त्यांना वाटलं असणार की आपण बहीणभाऊ."

मी पुस्तक मिटलं. बोट आत ठेवून. पहिल्या भागाच्या शेवटी वाचकाच्या पायाखालची जमीन काढून घेणारा हा गौप्यस्फोट 2007 मध्ये वाचून कित्येक मुलींनी रात्र जागवली असेल, आणि या बाईंनी तो पोह्यांच्या डब्याचं झाकण लावता लावता काढला होता.

"तुम्ही वाचलंय का हे?"

"छे! कशाला वाचायचं? आता तूच बघ. बाप मेला असेल, पण त्याचा खरा मुलगा वेगळाच असेल. तो बापाहून वाईट."

सेबॅस्टियन. तो नेमका तसाच आहे. त्याच्याकडे एक पेला असतो, त्यातून चांगल्या माणसांना पाजतो आणि ती माणसं सख्ख्यांना विसरून त्याची होतात. हे मी सांगितलं, कारण एव्हाना मला काकूंना कुठेतरी चकित करायचंच होतं.

"पाजतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या धाकट्या भावाला पाजलंच होतं काहीतरी. लग्नानंतर आठवड्यात वेगळा राहायला गेला."

"आणि जेसच्या रक्तात स्वर्गीय अग्नी भिनलाय," मी हट्टाने पुढे गेले. "त्यामुळे तो क्लॅरीला हातही लावू शकत नाही. ती भाजेल."

"पित्त ते. धण्याचं पाणी घ्यायला सांग."

"ईएसआर बघितला का त्याचा?" आजोबा.

मी हसले. खरं सांगते, त्या क्षणी हसले आणि तिथेच हातातून लगाम गेला. काकू म्हणाल्या, "आता एक राहिलं. स्मृती जाणार कुणाची तरी."

"नाही जात."

"जाते. शेवटच्या आठवड्यात जातेच." आणि मग ते झालं, जे मी सुरुवातीला सांगितलं. बोटाला थुंकी लावून त्या मागून चार-चार पानं उलटत गेल्या. इंग्रजी शिकवणाऱ्यांना पुस्तक कुठे चाळायचं हे बरोबर कळतं.

"लग्न होतंय गं शेवटी! पण यांचं नाही. ही जोसलीन कोण?"

"क्लॅरीची आई," मी दातांवर दात ठेवून.

"आईचं लग्न! बरं केलं. आणि हा ल्यूक?"

"लांडगा आहे तो. म्हणजे माणूसच, पण लांडगा होतो. त्याचं पुस्तकांचं दुकान आहे ब्रुकलिनमध्ये."

"लांडगा असू दे. दुकान स्वतःचं आहे ना?" आणि पुढचं पान. "हा सायमन कोण? सायमन म्हटलं की आमच्या वडिलांना एकच आठवायचं, 'गो बॅक'. हे बघ, म्हटलं नव्हतं? कुणालाच ओळखत नाहीये हा. सगळं विसरलाय."

सायमन. पहिल्या पानापासून तिचा मित्र. चष्मेवाला, टुकार बँडवाला, चुकून व्हॅम्पायर झालेला, आणि तरी त्या सगळ्या सोनेरी केसांच्या वीरांमध्ये एकटा माणसासारखा वागणारा. सहा भाग मी खरं तर त्याच्यासाठी वाचत आले. सगळ्यांना नरकातून घरी परत आणण्यासाठी तो आपलं अमरत्व आणि क्लॅरीच्या, त्या सगळ्या अदृश्य जगाच्या आठवणी देऊन टाकतो, हे मला त्या रात्री घरी वाचताना कळलं. पण तेव्हा ते मला कळलं नाही, फक्त पटलं. काकूंनी सांगितलंच होतं. रडायला येणार होतं ते येऊन गेलं, लॅबमध्ये, त्यांच्या तोंडून, 'विसरलाय' या एका शब्दात.

"बघितलंस? तिसऱ्यात संपलेली असणार गोष्ट. मग वाढवली," काकूंनी पुस्तक परत दिलं.

आता हे अगदी खरं आहे. 2009 मधला तिसरा भाग व्यवस्थित शेवटासारखा संपतो. मग 2011 मध्ये चौथा, 2012 मध्ये पाचवा, मधे 2010 ते 2013 पूर्वजांची तीन पुस्तकं, आणि या शेवटच्या पुस्तकाचं पहिलं दृश्य कुठे? लॉस एंजेलिसला, एमा नावाच्या दुसऱ्याच मुलीकडे. तिची मालिका 2016 मध्ये सुरू झाली. म्हणजे शेवटच्या भागात आम्ही पुढच्या दुकानाची पाटी वाचत बसायचं. माझी मुलगी हेच म्हणाली होती, मीही हे शंभर वेळा म्हटलंय. पण काकू म्हणाल्या तेव्हा मी तावातावाने क्लेअरबाईंची बाजू घेतली. आपल्या माणसाला आपण बोलावं, बाकाच्या दुसऱ्या टोकाने नाही.

आणि एक विचारते. त्याच बाकावर एक मुलगा फोनवर रील्स बघत होता, आवाजासकट. त्याच्या हातातून फोन घेऊन "बघू, शेवटी काय होतं" असं कुणी म्हटलं नाही. एक बाई कानात बटणं घालून डोळे मिटून बसली होती, तिला कुणी आडनाव विचारलं नाही. पुस्तक हातात असलेली बाई मात्र रिकामी. ती वाट बघत्येय असंच सगळे धरून चालतात. घरीही तेच आहे. मी भाजी निवडत असले तर मुलगा दारातून परत जातो, वाचत असले तर "काही करत नाहीयेस ना?" म्हणून आत येतो. मी ते दोन तास पैसे भरून घेतले होते, रक्त देऊन घेतले होते. गोष्टीचा शेवट कळला याचं दुःख मी गिळेन, पण विचारलं का नाही? "सांगू का?" एवढं तरी. मी नाही म्हटलं असतं, त्यांनी तरी सांगितलं असतं, पण निदान मी नाही म्हटलेलं असतं.

एवढ्यात गजर वाजला. काकूंच्या फोनवर, गणपतीची आरती. बरोब्बर दोन तासांचा लावून ठेवला होता त्यांनी. त्या उठल्या, आत गेल्या, रक्त देऊन बाही खाली ओढत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझं झालं?"

माझं झालं नव्हतं. काउंटरवरच्या पोराने घड्याळाकडे बोट दाखवलं. माझा नंबर त्यांच्या आधीचा. "दोनदा आवाज दिला, मॅडम. आता वेळ टळली. उद्या उपाशी या, फास्टिंगपासून करू. रिपीटचे पैसे वेगळे पडतील."

"का वेगळे?"

"तुम्ही वाचत होतात ना."

"मी वाचत नव्हते," मी म्हटलं. "मला वाचून दाखवत होते."

त्याने पावती फाडली. काकू दारातून परत आल्या, त्यांचा डबा राहिला होता.