न्यायालय हा पक्षकार नव्हे

‘सरकार आणि हायकोर्टाच्या भांडणात गोव्याचं नुकसान होतंय. एखादा निवृत्त न्यायमूर्ती मध्यस्थ नेमा, दोघांना समोरासमोर बसवा, चार बैठकांत मिटेल.’ या अर्थाचा संदेश आमच्या फोंड्याच्या गटांत सगळे पुढे पाठवताहेत. मध्यस्थीला माझा विरोध नाही. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारे) यांचे वर्षानुवर्षांचे तंटे समोरासमोर बसून मिटतात, कारण भाटकार सोडतो ती त्याची जमीन असते आणि मुंडकार सोडतो तो त्याचा हट्ट. दोघेही स्वतःचंच काहीतरी सोडतात. या संदेशातला घोटाळा नेमका इथे आहे.

पहिला दावा असा, की हे दोघांचं भांडण आहे. २०२१ च्या पालिका निवडणुका आठवा. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे इथल्या प्रभाग आरक्षणाविरुद्ध नागरिक कोर्टात गेले होते. महिलांना किमान एक तृतीयांश जागा हा घटनेचा नियम पाळला गेला नव्हता. उच्च न्यायालयाने १ मार्चला ते आरक्षण रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ मार्चला तिथेही हरलं. शिवाय कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिल्याबद्दल न्यायालयाने सरकारला खडसावलं, ते वेगळंच. आता या प्रकरणात मध्यस्थ बसवला असता तर न्यायाधीशांनी काय सोडायचं होतं? एका पालिकेतल्या महिलांच्या जागा? त्या न्यायाधीशांच्या नव्हत्या, मंत्र्यांच्याही नव्हत्या. आणि ज्या बायकांच्या होत्या, त्यांना त्या बैठकीत खुर्चीच नसती.

दुसरा दावा, मध्यस्थी लवकर उरकते. वरच्या प्रकरणात दोन्ही निकाल बारा दिवसांच्या आत आले आणि एप्रिलमध्ये मतदानही झालं. सगळे खटले इतक्या वेगाने चालत नाहीत, हे मान्य. पण मध्यस्थी गोपनीय असते, हे त्या संदेशात कुठेच नाही. दोन भावांच्या वाटणीत ते योग्यच. सरकारने कायदा पाळला की नाही हा प्रश्न मात्र बंद दाराआड गेला, तर निकालाची कारणं आपल्याला कधी वाचायलाच मिळणार नाहीत.

‘कायदाच मध्यस्थीला प्रोत्साहन देतो’ हा दावा अर्धाच खरा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मध्यस्थीला अयोग्य तंट्यांची यादी आहे. तडजोडीत नसलेल्या तिसऱ्याच्या हक्कांवर परिणाम होत असेल, तर तो तंटा त्या यादीत येतो. मुळात ही मध्यस्थी पक्षकारांमधली. ज्याच्यापुढे खटला चालतो त्या न्यायाधीशाला पक्षकार करण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

मग न्यायाधीशांनीच मर्यादा ओलांडली तर? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अपील. निवृत्त न्यायाधीशांच्या सुविधांवरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशच्या वित्त सचिवांना ताब्यात घ्यायला लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ रोजी ते आदेश रद्द केले आणि सरकारी अधिकाऱ्यांना कोर्टात कधी बोलवावं याची कार्यपद्धतीही घालून दिली. सगळं उघड्यावर, कारणांसह.

बोलणी करायला जागा आहे ती न्यायालयांच्या इमारती, कर्मचारी, पगार-पेन्शन यांसाठी. तिथे सरकारकडे तिजोरी आहे आणि न्यायसंस्थेकडे गरज. जिल्हा न्यायाधीशांच्या सेवाशर्तींसाठी प्रत्येक उच्च न्यायालयात समिती नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्येच दिला आहे. तिच्यात न्यायमूर्तींसोबत राज्याचे विधी सचिवही बसतात. पैशाच्या प्रश्नावर तिथे खुशाल बसावं, हवं तितक्या वेळा बसावं. पर्वरीच्या हायकोर्टात एखाद्या गावकऱ्याने आपल्या डोंगरासाठी किंवा शेतासाठी घातलेली याचिका मात्र त्या टेबलावर नेऊ नये. ती त्याची आहे.