वीस मिनिटं उकळलेलं आर्सेनिक

माझी मावशी दिवाळीपासून लेकीकडे बिहारमध्ये आऱ्याला आहे. जावयाची बदली झाली, नातू दहा वर्षांचा, घरात कुणीतरी हवं म्हणून गेली. दारातच हातपंप आहे, तिकडे त्याला चापाकल म्हणतात. प्यायला, स्वयंपाकाला तेच पाणी. तो गंगेकाठचा आर्सेनिकचा पट्टा आहे, जमिनीखालच्या पाण्यातच ते विष असतं, पाणी तपासून घे, असं मी तिच्या मागे लागले होते. परवा तिचा फोन आला. "अगं, मिटली तुझी काळजी. आता वीस मिनिटं उकळते आणि तांब्याच्या हंड्यात ठेवते. आणि पायाला मुंग्या येतात ना, त्या बी-१२च्या. गोळ्या सुरू केल्यात मी."

हे ज्ञान कुठून आलं? 'आर्सेनिकचा बागुलबुवा' नावाचा एक लांबलचक संदेश फिरतोय, त्यातून. त्याच दिवशी तो मला आणखी तीन ग्रुपांवर मिळाला. त्यातला एक तर निवृत्त शिक्षकांचा! ज्यांच्याबरोबर मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यांनीही खाली हात जोडलेले पाहिले आणि राहवेना.

आधी ते उकळणं, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. संदेश म्हणतो, "वीस मिनिटे खळखळून उकळल्यास आर्सेनिक वाफेबरोबर उडून जाते." उडून जातं ते पाणी. आर्सेनिक पातेल्यातच राहतं. चार लिटर पाणी घ्या, त्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे असं धरा, म्हणजे एकूण ४००. खळखळून उकळल्यावर तीन लिटर उरलं, तर तेच ४०० आता तीन लिटरांत, म्हणजे लिटरमागे १३३. गॅस जाळून पाणी जास्त विषारी केलं, एवढंच. आमटी आटली की खारट होते हे मावशीला कुणी शिकवावं लागत नाही, तेच गणित आहे हे. उकळण्याने टायफॉइड आणि काविळीचे जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळा. पण आर्सेनिक हा जंतू नाही, मरणार काय त्यात?

तांब्याच्या हंड्याचंही तसंच. तांब्याने जंतू कमी होतात हे खरं, आर्सेनिकला त्याचं काही वाटत नाही. त्याला धरून ठेवतं ते लोखंड, म्हणजे लोखंडाचा गंज. बांगलादेशात एकावर एक कळशा मांडून, वरच्या कळशीत लोखंडाचा कीस आणि वाळू घालून गाळणी केली होती. तिचं बंगालीतलं नावही तीन कळशीच. इथे नाइलाजाने एक गोष्ट कबूल करते. ज्या पाण्यात मुळात लोह भरपूर असतं, ते रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस गाळ बसतो आणि त्याबरोबर थोडं आर्सेनिकही खाली जातं. किती जातं हे त्या त्या पाण्यावर अवलंबून, त्यामुळे त्या भरवशावर पोराला पाणी देता येत नाही. आणि त्यात हंडा तांब्याचा की प्लास्टिकचा, याने काडीचा फरक पडत नाही.

"आर्सेनिक नैसर्गिक आहे, कारखान्यांचे नाही, म्हणून घातक नाही." पहिला अर्धा भाग बरोबर आहे. गंगेच्या खोऱ्यात ते हिमालयातून वाहून आलेल्या गाळातलं आहे. जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या थरांत गाळातलं लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, राजनांदगावच्या बाजूला कौडीकसा गावात ते थेट खडकातून येतं. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी कसं? नागाचं विषही नैसर्गिकच. आपल्या भाषेतला सोमल म्हणजे आर्सेनिकच, आणि पोथीतली चूक पुसायला जो पिवळा हरताळ फासत, तोही आर्सेनिकचाच.

आता मुंग्या. संदेशातलं वाक्य जसंच्या तसं देते: "त्वचेवर डाग नसतील तर आर्सेनिकचा शरीरावर परिणाम झालेला नाही. हातापायांच्या मुंग्या म्हणजे बी-१२ची कमतरता, घाबरू नये." या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

शाकाहारी घरात पन्नाशीनंतर पायाला मुंग्या आल्या, तर बी-१२ बघायलाच हवं. ते खूप जणांचं कमी निघतं आणि गोळ्यांनी बरंही वाटतं. पण जिथे चापाकलाचं पाणी पिताय, तिथे पाणी न तपासता सगळा दोष बी-१२वर टाकणं म्हणजे शुद्ध जुगार आहे. आर्सेनिक पेशींमधल्या गंधकवाल्या एन्झाइमांना जाऊन चिकटतं आणि साखरेतून ऊर्जा काढण्याचं काम अडवतं. सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून आधी तेच कुरकुरतात. तळव्यांना मुंग्या, आग, मग बधिरपणा, मोजे घातल्यासारखा वर चढणारा. पुढे हातांनाही तसंच. आणि त्वचेचं म्हणाल, तर छातीवरचे ठिपके आणि तळव्यांवरचे खरखरीत कण यायला सहसा काही वर्षं जातात. मात्रा मोठी असेल तर नसांचा त्रास काही आठवड्यांतच सुरू होतो. मात्रा कमी असेल, तर तो इतका हळू वाढतो की माणसाला पत्ताच लागत नाही. बांगलादेशात लोकांच्या पायाच्या अंगठ्याला कंप देऊन संवेदना मोजली, तेव्हा तक्रारीआधीची अशी घट दिसून आली.

मावशी, हा पुढचा भाग तुझ्यासाठी. तू राहतेस त्याच भोजपूर जिल्ह्यात सेमरिया ओझा पट्टी नावाचं गाव आहे. जाधवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींच्या गटाने तिथला अभ्यास २००३ साली छापला. २०६ हातपंपांपैकी निम्म्याहून जास्त, ५६.८ टक्के, पंपांत लिटरमागे ५०हून जास्त मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे, आपल्या भारतीय मानकाचीही तीच. तपासणीला ५५० जण आले. प्रौढांपैकी १३ टक्क्यांच्या आणि मुलांपैकी ६.३ टक्क्यांच्या अंगावर डाग होते. मज्जातंतूंच्या तपासणीत ६३ टक्के प्रौढांत आर्सेनिकचा ठरावीक विकार निघाला. ही माणसं आपणहून आलेली होती, त्यामुळे हा आकडा अख्ख्या गावाला लावता येत नाही. पण तो शून्यही करता येत नाही, जो या संदेशाने केलाय.

मुंग्यांचं खापर भलत्यावर फोडण्याची खोड जुनी आहे. १९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात माणसं हातपाय बधिर होऊन दवाखान्यात येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, दारूमुळे नसा गेल्या, नेहमीचंच आहे. अर्नेस्ट रेनॉल्ड्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की कडक दारू पिणारे ठणठणीत आहेत, पडताहेत ते बिअर पिणारे. बिअर तपासली तर त्यात आर्सेनिक. तिच्यासाठी जी साखर बनवत, तिला वापरलेल्या गंधकाम्लातून ते आलं होतं. सहा हजारांवर माणसं आजारी पडली, किमान सत्तर गेली. त्या डॉक्टरांनी बिअर तपासली, आपण निदान चापाकल तरी तपासावा.

बाकीचे मुद्दे पटापट. "शरीर आर्सेनिक तीन दिवसांत बाहेर टाकते." बरंचसं टाकतं, लघवीवाटे, प्यायचं थांबवल्यावर. रोज तीन लिटर नव्याने भरत राहिलात तर तीन दिवस कधी संपायचेच नाहीत. आणि आर्सेनिक गेलं म्हणजे नस परत आली असं नाही, ती सावरायला महिने-वर्षं लागतात, कधी पूर्ण सावरतच नाही. "रोज धण्याचं पाणी प्या, विष निघून जाईल." नाही निघत, आणि ते पाणी कुठलं घेणार, चापाकलाचंच ना?

"कोकणात पिढ्यान्पिढ्या मासे खातात, माशांत पाण्यापेक्षा जास्त आर्सेनिक असते, त्यांना काही झाले का?" हा लिहिणारा हुशार आहे बरं का! समुद्रातल्या माशांत आर्सेनिक असतं, हे खरं आहे. पण ते बहुतांशी आर्सेनोबीटेन नावाच्या रूपात असतं, शरीर ते हात न लावता बाहेर टाकतं. हातपंपातलं असेंद्रिय रूप वेगळं, विषारी ते. नाव एक, कर्म वेगळं.

"मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो ही अफवा." बांगलादेशात आराईहाजार इथे दहा वर्षांच्या २०१ मुलांची चाचणी घेतली, तो अभ्यास २००४ साली आला. पाण्यात आर्सेनिक जितकं जास्त, तितके गुण कमी. एकेका मुलाबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही, मान्य. पण माझा भाचाही दहाचाच आहे आणि त्याच चापाकलाचं पाणी पितो, तेव्हा अफवा म्हणून पुढे पाठवण्याआधी हे कुणीतरी वाचायला हवं होतं.

फोनवर मावशीला एवढंच सांगितलं. धुतलेली बाटली घे, पंप पाचेक मिनिटं हापसून मग भर, त्यावर तारीख आणि पंप किती खोल आहे ते लिही, आणि जावयाला पाणीपुरवठा खात्याच्या, म्हणजे तिकडच्या पीएचईडीच्या, प्रयोगशाळेत द्यायला सांग. निकाल येईपर्यंत प्यायला, आणि भात-डाळीलाही, दुसरीकडचं तपासलेलं पाणी वापर. भात पाणी शोषतो, म्हणून तेही धरायचं. आंघोळ, धुणं, भांडी खुशाल पंपाच्या पाण्याने, कातडीतून आर्सेनिक फारसं आत जात नाही. बी-१२ रक्तात मोजून घे, आणि मुंग्यांसाठी डॉक्टरांकडे गेलीस की पाणी कुठलं पितेस ते त्यांनी विचारलं नाही तरी सांग.

"मग हा हंडा?" ती म्हणाली. दुसरं पाणी मिळालं की ठेव त्यात, म्हटलं. बाटली सोमवारी गेली आहे.