डुकाटीला शिव्या घालण्याआधी शोरूममध्ये जाऊन या

रविवारी आमच्या रायडिंग ग्रुपवर परत तेच भांडण. "डुकाटीने सुपरबाइक शर्यतींची मजा घालवली, नियम सगळे त्यांच्या सोयीचे." मी बारा-तेरा वर्षं हिरव्या गाडीचा, म्हणजे कावासाकीचा, भक्त आहे. म्हणजे डुकाटीला शिव्या घालायचा पहिला मान खरं तर माझा. तरी मी घालणार नाही. का, ते लिहितो. जरा लांबेल.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटोजीपीत कंपन्या शर्यतीपुरतीच बनवलेली गाडी आणतात, ती तुम्हाआम्हाला विकत मिळत नाही. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये 1988 पासून दुकानात विकली जाणारी गाडीच उतरवावी लागते. ठरावीक संख्येने बनवायची, किमतीलाही वरची मर्यादा. त्यामुळे निम्मी शर्यत ट्रॅकवर होतच नाही. ती दोन-तीन वर्षं आधी एखाद्या मीटिंगमध्ये होते, जिथे कुणीतरी विचारतं, "एवढं महाग इंजिन बनवलं तर घेणार कोण?"

फेब्रुवारी 2019, फिलिप आयलंड. आपल्याकडे सकाळ, मी पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर. जोनाथन रे कावासाकीवर सलग चार विजेतेपदं घेऊन आलेला, त्यामुळे मी निवांत. समोर अल्वारो बाउटिस्टा, डुकाटीच्या कोऱ्या पानिगाले व्ही4 आर वर. पोहे संपायच्या आत तो दिसेनासा झाला. रे दुसरा आला, पण जवळपास पंधरा सेकंद मागे. सुपरबाइकमध्ये एरवी भांडण सेकंदाच्या दशांशांवर चालतं. 2012 ची चॅम्पियनशिप मॅक्स बियाजीने आमच्या टॉम साइक्सकडून अर्ध्या गुणाने नेली होती, ते अजून दुखतं.

त्या हंगामात बाउटिस्टाने पहिल्या अकराच्या अकरा शर्यती मारल्या. डुकाटीचं इंजिन मिनिटाला 16 हजारांच्या वर फेरे (आरपीएम) घेत होतं, आमचं नियमाने 14,600 ला अडवलेलं. मधेच ऑर्गनायझर्सनी डुकाटीचे 250 आरपीएम कापले, पण खरी गंमत वेगळीच झाली. बाउटिस्टा पडायला लागला, आणि रे ने ती चॅम्पियनशिप खेचून आणली. पुढच्या वर्षी सहावी. आम्ही इकडे पेढे वाटले आणि कंपनीला वाटलं असणार, चाललंय की!

2021 ला कावासाकीची शर्यतीतली गाडी, टेन-आरआर, नव्या रूपात आली. पुढचं तोंड बदललेलं, इंजिनात सुधारणा. जास्त आरपीएम मिळतील अशी कावासाकीची अपेक्षा होती. ऑर्गनायझर्स म्हणाले, हे नवीन इंजिन नाही, 14,600 च राहणार. तेव्हा मी इथेच केवढी मोठी पोस्ट टाकली होती! अन्याय, कट, इटालियन लॉबी, काय काय. आज ती वाचताना लाज वाटते. कारण इंजिन मुळात जुनंच होतं. रे त्या जुन्या इंजिनावर ब्रेकिंगमध्ये जीव टाकून वेळ भरून काढत होता, आणि आम्ही त्यालाच कंपनीची बांधिलकी समजत होतो.

आता आपल्याकडचा हिशोब बघा. 2018 मध्ये आमच्या चाकणला असेंबल झालेली टेन-आर (टेन-आरआरची साधी बहीण) 12.80 लाखांना लाँच झाली, टेन-आरआर 16.10 लाखांना. पुण्यातल्या कित्येक पोरांनी या किमतीमुळेच लिटरक्लासचं, म्हणजे हजार सीसीच्या गाडीचं, स्वप्न बघितलं, मी पण. (बघितलं. घेतली नाही. घरी विचारायचीसुद्धा हिंमत झाली नाही.) त्याच सुमारास व्ही4 आर ची किंमत जाहीर झाली, जवळपास 52 लाख. डुकाटीने शर्यतीची गाडी बनवली आणि तिला हेडलाइट लावून विकली. कावासाकीने विकायची गाडी बनवली आणि तिचे हेडलाइट काढून शर्यतीत पाठवली. ज्या कारणासाठी आम्हाला ती आवडली, त्याच कारणासाठी ती मागे पडली.

आणि डुकाटीला हे काही बसल्या जागी मिळालेलं नाही. आधीची व्ही-ट्विन (दोन सिलिंडरची) पानिगाले आली तेव्हा 2013 आणि 2014, दोन अख्खे हंगाम त्यांना एक विजय नव्हता. 2015 ला चाझ डेव्हिसने आरागॉनला खातं उघडलं. तरी ते टिकून राहिले, शिकले. उलट 2011 मध्ये त्यांची अधिकृत टीमच नव्हती, तरी कार्लोस चेका आल्थेआ या खाजगी टीमकडून त्यांच्याच गाडीवर चॅम्पियन झाला. टीमच्या शर्टावर काय छापलंय याच्याशी बांधिलकीचा संबंध किती, ते यावरून बघा.

होंडाचं तर उलटंच. 2020 ला एचआरसी, म्हणजे होंडाची रेसिंग कंपनी, स्वतः उतरली, नवी फायरब्लेड गाडी, पैसा पाण्यासारखा. 2025 संपेपर्यंत एक शर्यत जिंकली नाही. होंडाचा शेवटचा विजय निकी हेडनचा, 2016, सेपांगच्या पावसात. बाउटिस्टा दोन वर्षं होंडावर झगडला, परत डुकाटीवर गेला आणि लगेच 2022, 2023 दोन्ही खिशात. म्हणजे महागडी गाडी बनवली की झालं, असंही नाही. टीमने "हे चालत नाहीये" म्हटल्यावर कारखान्यात कुणी ऐकतं का, हाही प्रश्न आहेच.

बीएमडब्ल्यूने ऐकलं, असं माझं मत. 2013 नंतर निघून गेले, 2019 ला परतले, आणि पाच वर्षांत एकच विजय, तोही पोर्तिमाओच्या ओल्या ट्रॅकवर. शर्यतीसाठीच काढलेली एम 1000 आरआर 2021 पासून होतीच, मग वेगळी टेस्ट टीम, आणि 2024 ला तुर्कस्तानचा रायडर तोप्राक. ग्रुपवरचे म्हणतात, त्यानंतरचं यश सगळं तोप्राकचंच. बरंचसं आहे, नाकारत नाही. त्याच्यासारख्या सलग तेरा शर्यती कुणी फक्त इंजिनावर जिंकत नाही. पण आता तो मोटोजीपीत गेलाय, तेव्हा गाडीचं किती आणि माणसाचं किती याचा हिशोब आपोआप होईल.

आमची हिरवी फॅक्टरी टीम 2025 पासून बिमोटा या इटालियन कंपनीच्या नावाने धावते. गाडी इटलीतल्या रिमिनीची, इंजिन आमचंच. आधी फार राग आला होता. मग आठवलं, 1988 ची अगदी पहिली शर्यत बिमोटानेच जिंकली होती, तेव्हा इंजिन यामाहाचं होतं. परवा मुलाने विचारलं, "बाबा, मग आता आपण कुणाचे?" मी टोपी काढून बघितली. हिरवा रंग तसाही बराच उडालाय.