‘प्लगइन अपडेट करा’ या इशाऱ्याबद्दलचा तो मेसेज पाळू नका

कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि कर सल्लागारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ब्राउझरवर ‘तुमचा प्लगइन (ब्राउझरला जोडून चालणारा छोटा प्रोग्रॅम) जुना झालाय’ असा इशारा सारखा येत असेल, तर फ्लॅश किंवा जावा जुनं झालंय. इशाऱ्यातलंच अपडेटचं बटण दाबा. अँटिव्हायरस आडवा आला तर दहा मिनिटं बंद ठेवा. साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की काळजी नाही. तरीही इशारा हटला नाही तर ब्राउझर काढून नव्याने टाका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. अपडेट वेळेवर करावेत हेही खरंच. पण सल्ले घातक आहेत, आणि शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या ज्या ऑफिसांत ते पाळले जातील, तिथल्याच कॉम्प्युटरवर पक्षकारांचे पासवर्ड, नेट बँकिंग आणि डिजिटल सह्या असतात.

‘फ्लॅश किंवा जावा जुनं झालंय’ इथूनच चुकायला सुरुवात होते. फ्लॅश बंद करणार हे त्याची मालक कंपनी अडोबीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधला मजकूर चालणंही थांबवलं गेलं. खुद्द अडोबीच आज ‘काढून टाका’ म्हणते. जावाचा प्लगइन चालवणं क्रोमने २०१५ मध्ये थांबवलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्टचा तसाच प्लगइन सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. यांपैकी एकही आजच्या क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये चालत नाही. त्यामुळे एखादं वेबपेज फ्लॅशचं अपडेट देऊ करत असेल, तर ती फाइल फ्लॅशची असूच शकत नाही.

यावर सल्लागार मंडळी विचारतात, मग जीएसटीची डिजिटल सही कशी होते? ती ब्राउझरच्या बाहेर होते. पोर्टलसाठी एमसाइनर नावाचा वेगळा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालू असावा लागतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. रिटर्न भरायची वीस तारीख तोंडावर आली आणि सही होईना, की माणूस घाबरून समोर दिसेल ते बटण दाबतो. अशा वेळी आधी टोकन (डिजिटल सही असलेला यूएसबी) नीट लागलंय का बघा, मग एमसाइनर बंद करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने पुन्हा सुरू करा. नवी आवृत्ती हवी असेल तर ती जीएसटी पोर्टलवरूनच घ्या.

आता इशारा पुन्हा पुन्हा का येतो ते. मेसेजमध्ये याचा शोधच घेतलेला नाही. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या हिशेबनिसांकडे असाच इशारा यायचा. क्रोमची खिडकी बंद केली तरी स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तो हजर: लाल चिन्ह, मोठ्या अक्षरांत ‘प्लगइन धोक्यात’. मजकुराखाली बारीक अक्षरांत एक पत्ता होता, फुकट सिनेमे उतरवायच्या साइटचा. तिथे कधीतरी ‘तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाऊ दाबा’ असं आलं होतं आणि कुणीतरी दाबलं होतं. त्या एका क्लिकने साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. उपाय साधा होता: क्रोमच्या सेटिंग्ज, तिथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. यादीतली ती साइट काढली आणि इशारा थांबला. बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं. नसेल तर एक्स्टेंशनची, म्हणजे ब्राउझरमध्ये टाकलेल्या जोड-सोयींची, यादी उघडा आणि जे आपण टाकलेलं आठवत नाही ते काढा.

म्हणूनच ब्राउझर काढून नव्याने टाकण्याचा उपयोग होत नाही. काढताना ब्राउझिंग डेटा पुसला नाही तर ही परवानगी जुन्या प्रोफाइलमध्ये तशीच राहते, आणि सिंक चालू असेल तर खोडकर एक्स्टेंशनही परत येतं.

अँटिव्हायरस बंद करण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. खरं अपडेट तशी अट घालत नाही. कीबोर्डवरची विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत काहीतरी पेस्ट करायला सांगणारं पेज तर तत्काळ बंद करा. त्यात तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचा हुकूम चालवत असता.

कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि साइटमध्ये जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. साइट कुणाची आहे, प्रामाणिक आहे का, हे त्यावरून कळत नाही. लोकांचा नेमका हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

काही इशारे खरे असतात आणि तेही हटत नाहीत, म्हणून फरक ओळखता यायला हवा. क्रोमचं अपडेट आलं असेल तर ते उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन टिंबांपाशी दिसतं. तिथून हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम उघडलं की तपासणी आपोआप होते. एखादं जुनं एक्स्टेंशन ‘आता सपोर्ट नाही’ म्हणत असेल, तर क्रोमने त्यांच्यासाठीचे नियम बदललेत. त्याच्या बनवणाऱ्याने नवी आवृत्ती काढली नसेल, तर पर्यायी एक्स्टेंशन शोधणं हाच मार्ग. फायरफॉक्सची १२८ च्या आधीची आवृत्ती असेल, तर १४ मार्च २०२५ ला एक प्रमाणपत्र संपल्यामुळे अ‍ॅड-ऑन (फायरफॉक्समधली एक्स्टेंशन) बंद पडलेली असू शकतात. तिथे फायरफॉक्सच अपडेट करावा लागतो. फक्त ११५ च्या दीर्घकालीन शाखेला ११५.१३ पासून ही अडचण नाही. आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. मार्केट यार्डातल्या जुन्या मशीनवर तो इशारा कितीही वेळा मिटवला तरी येणार, कारण बदलायला हवी ती विंडोज.

ज्यांनी मेसेज वाचून बटण आधीच दाबलंय आणि फाइल चालवलीय, त्यांनी आधी इंटरनेट तोडावं. दुसऱ्या, खात्रीच्या मोबाइलवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत, टोकन काढून ठेवावं आणि मशीन तपासून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आली, तरच ती परत मिळायची शक्यता राहते.