पांढरी पाचमधली पद्मिनी

आपल्या पद्मिनीला आरपीएम मीटर बसवायचा असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा हिने एवढंच विचारलं, "अहो, त्याने एसी लागतो का?"

नाही लागत. इंजिन मिनिटाला किती गरके घेतंय, तेवढंच तो सांगतो. ही माहिती गिऱ्हाइकाला द्यावी असं पद्मिनी बनवणाऱ्यांना कधी वाटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, स्टिअरिंगला लटकलेला गिअर आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याइतका सरळसोट डॅशबोर्ड. बाबांनी १९८६ साली घेतलेली ही गाडी मी दर पाच वर्षांनी पासिंग करून आणि पर्यावरण कर भरून कागदोपत्री जिवंत ठेवली आहे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. तेव्हापासून सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून तिच्याकडे बघतो, तो जुन्या शाळेच्या बाई भेटल्यासारखा.

मीटर हवा होता त्याला कारण एस. व्ही. रोड. पार्ल्याहून बांद्र्याला जाताना स्पीडोमीटरचा काटा डोकं वर काढत नाही. म्हटलं, समोर निदान एक काटा तरी असा असावा, जो जागच्या जागी का होईना, हलेल.

ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मीटर मिळाला. काळा, वाटीएवढा, मागे चार वायरी. लाल वायर चावीच्या सप्लायला, काळी अर्थला, पांढरी दिव्याला आणि हिरवी कॉइलच्या मायनसला. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट उघडला की कॉइल ठिणगी सोडते, मीटर त्या ठिणग्या मोजतो आणि भागाकार करून काटा फिरवतो. दुकानदार म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम." कोणाच्या अर्ध्या तासाचं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी गाडी सुरू केली. काटा सहा हजारांवर गेला, तिथून शून्यावर पडला, मग मधेच कुठेतरी थरथरत उभा राहिला. डावा इंडिकेटर दिला की टिकटिकच्या तालावर खाली वाकून नमस्कार करायचा. उजव्याला करायचा नाही. हेडलाइट लावले की आपोआप दोनशेने वाढायचा. इतका संवेदनशील स्वभाव आमच्या घराण्यात कोणाचाच नव्हता.

शेवटी चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे आमचे मेकॅनिक. बाबांच्या वेळेपासून या गाडीची नाडी तेच बघतात. त्यांनी बॉनेट उघडलं. मी हिरवी वायर प्लगच्या जाड वायरींबरोबर झिपटायने छान एकत्र बांधली होती. दिसायला अगदी नीटनेटकं काम. चाचा बराच वेळ तिकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साब, हाय टेन्शन के साथ रखोगे, तो टेन्शन लेगा ही ना."

हिरवी वायर वेगळ्या वाटेने नेली. काळी मी डॅशबोर्डच्या रंगवलेल्या स्क्रूला दिली होती. चाचांनी पॉलिश पेपरने बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीला थिंबल दाबलं आणि बोल्ट आवळला. काटा शांत झाला. इंडिकेटरला भीक घालेना.

आता तो ठामपणे खोटं बोलू लागला.

आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, ५३०. कुठलीही धडधाकट पद्मिनी ५३०ला धापा टाकून बंद पडेल. ही मात्र निवांत पुटपुटत उभी. चाचांनी बॉनेटवर तळवा टेकून डोळे मिटले. "आठ सौ है." मी मीटरकडे बोट दाखवलं. चाचांनी मीटरकडे अशा नजरेने बघितलं, जशी लग्नात वरपक्षाकडचा आगाऊ मामा बोलायला लागला की मुलीकडची म्हातारी माणसं बघतात.

ते गेल्यावर मी शहाणपणा केला. माणसावर विश्वास ठेवावा की यंत्रावर, तर मी सुशिक्षित असल्यामुळे यंत्रावर ठेवला. कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून आयडलिंग मीटरवर बरोबर ८००ला आणलं. पुढचे चार दिवस गाडी नवसाचा बैल सुटल्यासारखी वागली. क्लच सोडला की उडी. पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन दोन-चार ठोके देऊनच थांबायचं, बोलणाऱ्याचं वाक्य संपायचं राहिल्यासारखं. सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: 'आवारात वाहन विनाकारण सुरू ठेवू नये. हुकुमावरून.' खाली कोणीतरी पेनाने 'विशेषतः ते' असं लिहिलं होतं.

त्याच शनिवारी दुसऱ्या मजल्यावरून हाक आली. तिथे पेटीच्या शिकवण्या घेणाऱ्या काकू राहतात. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"अरे, किती वेळ पंचम धरून बसलायस? माझी मुलं बेसूर व्हायला लागली!"

"पंचम?"

"मघाशी पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत, पांढरी एकमध्ये होतास, आता पांढरी पाचला लावलीयेस. जरा चढीच आहे म्हणा. खाली ये सावकाश."

मी पायाखालचं ॲक्सिलरेटर तसंच धरून मीटरकडे बघितलं. दोन हजार. भाचा सुट्टीला आला होता. त्याने फोनमधलं ट्यूनर ॲप काढून सायलेन्सरपाशी धरलं. सेकंदाला जवळजवळ शंभर कंपनं. काकू बरोबर होत्या. इतक्या खालच्या सप्तकातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णवची, म्हणजे थोडी चढीसुद्धा बरोबर.

मग भाच्याने आणि मी सोसायटीच्या देखभाल बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका गरक्याला दोन सिलिंडर पेटतात. सेकंदाला शंभर स्फोट म्हणजे पन्नास गरके, म्हणजे मिनिटाला तीन हजार. मीटर म्हणतोय दोन हजार. सगळीकडे दोन तृतीयांश! ५३० म्हणजे खरंच आठशेच्या आसपास. चाचांचा तळवा बरोबर होता. एका गरक्याला दोनऐवजी तीन ठिणग्या धरून भागाकार होत होता, आणि तीन ठिणग्या सहा सिलिंडरांच्या गाडीत पडतात. माझ्या मीटरची अशी समजूत होती की तो कुठल्यातरी साहेबाच्या गाडीत बसलाय.

गणित करताना आणखी एक गंमत हाती लागली. २००० ते ३००० हे अंतर बरोबर दीडपट, म्हणजे सा ते प. ४०००ला तार सा. काकूंना हे सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

मीटर बाहेर काढला. मागच्या बाजूला चकचकीत स्टिकर होता, 'क्वालिटी ओके'. तो नखाने सोलला, तर त्याच्याखाली शेंगदाण्याएवढा स्विच. चार, सहा, आठ. तपासून पास केल्याचा स्टिकर तपासायच्या जागेवरच चिकटवला होता. स्विच चारवर सरकवला.

आता मात्र माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता. भाच्याने तोड काढली. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. इंजिनाच्या खालच्या पुलीवर खडूने एक रेघ मारायची. गाडी १५००वर असेल तर पुली सेकंदाला पंचवीस गरके घेते, म्हणजे दर लुकलुकीला पाव गरका. एक रेघ चार ठिकाणी दिसते आणि अधिकचं चिन्ह हवेत स्थिर उभं राहतं. पण सोसायटीने वीजबिलाच्या नावाने सगळीकडे एलईडी लावलेले. जुनी ट्यूब उरली होती फक्त पंपाच्या खोलीबाहेर. रात्री साडेदहाला मी, भाचा आणि वॉचमन गाडी ढकलत तिथे घेऊन गेलो. पहिली रेघ मी पंख्याच्या पुलीवर मारली. ती वेगळ्या मापाची, त्यामुळे काटा काही सांगे आणि रेघा भलतंच. दुसऱ्यांदा बरोबर पुली धरली. भाच्याने ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला. मी पंख्यापासून नाक वाचवत बॉनेटमध्ये वाकलो होतो. पांढऱ्या रेघांचा नुसता घोळका उलटा फिरत होता, तो मंदावला, अजून मंदावला, आणि त्या फिरत्या लोखंडावर अधिकचं चिन्ह थबकलं. लक्ष्मीपूजनाच्या वहीवर काढावं तसं, ठसठशीत.

"किती?" मी ओरडलो.

"पंधराशे!"

वॉचमनने टाळ्या वाजवल्या. वरच्या चार खिडक्यांतले दिवे लागले. 

आयडलिंग अर्थातच पुन्हा ८००वर आणलं. पंधरवड्याने काकूंना दादरला एका मैफलीला सोडायचं होतं. ही मागे त्यांच्याजवळ, मी पुढे, आणि समोर तो मीटर, दिवा लावून. सांताक्रूझपर्यंत काटा आठशेवर. काकू म्हणाल्या, "नुसता खर्जच लावून बसलीये रे ही. बंदिश कधी सुरू व्हायची?" खारच्या पुढे अचानक रस्ता मोकळा मिळाला. दुसऱ्या गिअरमध्येच काटा दोन हजार, अडीच, तीन. मागून समाधानाचा हुंकार आला, "हां, लागला पंचम." मी मान ताठ करून विचारलं, "काटा बघितलात काकू? एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही!"

ही दोन सीटच्या मधून पुढे वाकली आणि डॅशबोर्ड नीट न्याहाळला.

"तो ठीक आहे हो. पण हा दुसरा शून्यावर का?"

डॅशबोर्ड उघडताना माझ्याच हाताने स्पीडोमीटरची केबल निघाली होती. तीन आठवड्यांपूर्वी.