पासपोर्टचं काय एवढं घेऊन बसलात?

क्रूझचं बुकिंग झालं? छान. आता निघेपर्यंत फक्त कपड्यांचा विचार करा. कुठल्या संध्याकाळी काय घालायचं, डेकवर कुठली चप्पल, पोहण्याच्या तलावाशेजारी कुठला गॉगल. पासपोर्ट कपाटात आहे म्हणजे आहेच. तो उघडून तारीख बघणं ही रिकामटेकड्यांची कामं.

कुणीतरी सांगेलच की प्रवासानंतरही सहा महिने मुदत शिल्लक लागते. त्याला समजवा : मुदत संपायला तीन महिने आहेत, सहल सात दिवसांची आहे. गणित चोख आहे. अनेक देशांना ते पटत नाही, त्याला तुम्ही काय करणार? शेंगेन देशांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाला, तिथून निघाल्यानंतरचे तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट काढून दहा वर्षं उलटलेली चालत नाहीत. म्हणजे मुदत शिल्लक असूनही पासपोर्ट म्हातारा ठरू शकतो!

व्हिसा एकदाच प्रवेशाचा काढा. जहाज शेंगेनमधल्या ग्रीसच्या पिरेयस बंदरातून निघतं, तुर्कस्तानातल्या कुशादासीला टेकतं आणि पुन्हा एखाद्या ग्रीक बेटावर येतं. तुमच्या लेखी ही एकच सहल. व्हिसाच्या लेखी तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत दार ठोठावताय. ‘आम्ही खाली उतरणारच नाही’ हा हुकमी एक्का राखून ठेवा. काही देश जहाजावर बसून राहणाऱ्यांकडेही व्हिसा मागतात, पण ते कळायला आधी चौकशी करावी लागते, आणि चौकशी आपल्या स्वभावात नाही.

अमेरिकन नागरिकांना अमेरिकेतल्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या बहुतेक सफरींवर जन्मदाखला आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र चालतं. हे वाचून तुम्हीही जन्मदाखला शोधायला घ्या. तुम्ही अमेरिकन नाही, ही बारीकशी अडचण काउंटरवर बघता येईल.

बुकिंग घरच्या लाडक्या नावानं करा. पासपोर्टच्या खालच्या पट्टीत 44-44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. तुमचं नाव त्यांतही असतं. त्या यंत्रासाठी असतात, आणि यंत्राला तुमचे लाड माहीत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. पासपोर्ट मोठ्या बॅगेत, अगदी तळाशी, बुटांच्या खाली ठेवा. सुरक्षित! धक्क्यावर हमाल हसतमुखानं बॅग घेतो, केबिनचा क्रमांक छापलेला कागदी पट्टा मुठीला अडकवतो आणि ती ढकलगाडीवर चढवतो. गाडी वळणाआड जाते. बॅग थेट केबिनच्या दाराशी येणार, काही तासांनी. तुम्ही रिकाम्या हातांनी, ऐटीत रांगेत पुढे सरकता आणि काउंटरवरची बाई म्हणते, ‘पासपोर्ट?’ पासपोर्ट तुमच्या आधी जहाजावर पोचलाय. तुम्ही अजून जमिनीवर आहात. अशा वेळी मागच्या रांगेकडे बघू नये, एवढा माझा प्रामाणिक सल्ला.

समजा, कसेबसे चढलात. मग जहाजाचं प्लॅस्टिक कार्ड मिळतं. त्यानंच केबिनचं दार उघडतं, त्यावरच खर्च मांडला जातो आणि जहाजावर चढायच्या-उतरायच्या जिन्यावर ते टेकवलं की पडद्यावर तुमचा चेहरा येतो. हे जगभर चालतं असं समजून पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवा, त्याचा फोटोसुद्धा काढू नका आणि बंदरात निवांत भटका. चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते, हे विसरा. धावत धक्क्यावर याल तेव्हा वरच्या डेकवर गर्दी मोबाइल रोखून उभी असेल. टाळ्याही मिळतील. जहाज मात्र थांबणार नाही.

जहाजावरची माणसं तशी दयाळू. बऱ्याचदा ती तिजोरी उघडून मागे राहिलेल्यांचा पासपोर्ट बंदरातल्या एजंटाकडे सोपवून जातात. लिफाफा मिळाला की एखाद्या बाकावर बसा, पासपोर्ट उघडा आणि तारीख बघून घ्या. आता वेळच वेळ आहे.