मोठा नंबर, मोठी ठिणगी? आधी कंपनी कुठली ते सांगा

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या ‘स्पार्क प्लगच्या चार युक्त्या, मायलेज दीडपट’ असा संदेश फिरतोय. मोठ्या नंबरचा प्लग लावा, ठिणगी मोठी पडते, गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) वाढवा, काळा झाला की पॉलिश पेपरने घासा, जीव खाऊन आवळा. लोकमान्य नगरातले आमचे मामा पाना घेऊन बसलेसुद्धा, म्हणून लिहिणं भाग आहे.

प्लगवरच्या नंबराचा ठिणगीशी संबंधच नाही. प्लग स्वतःची उष्णता हेडकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाकडे, किती लवकर सोडतो, ते तो सांगतो. मधल्या सिरॅमिकचं टोक लांब असेल तर प्लग तापलेला राहतो, आखूड असेल तर लवकर निवतो. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. पार ८५०च्या पुढे गेलं, तर ठिणगीची वाट न बघता पेट्रोल-हवेचं मिश्रण आधीच पेटतं आणि पिस्टनला भोकही पडू शकतं. आता गंमत बघा: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, बॉश कंपनीच्या प्लगमध्ये वाढला की गरम. दोघांचेही तक्ते कुणालाही बघता येतात. म्हणजे हाच सल्ला ऐकून एकाचा प्लग काजळीने माखणार आणि दुसऱ्याची एअर-कूल्ड गाडी मे महिन्यात सिमरोलच्या घाटात नॉकिंग करणार. निदान कंपनीचं नाव तरी लिहायचं!

गॅपच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. गॅप रुंद असला की पातळ (कमी पेट्रोलचं) मिश्रण बरं पेट घेतं. पण व्होल्टेजही जास्त लागतं, आणि थ्रॉटल पूर्ण उघडून सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. तिथे हे व्होल्टेज देणारी कॉइल कमी पडली की मिसफायर, म्हणजे ठिणगीच चुकते. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत गॅप ०.८ ते ०.९ मिमी असतो. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा.

घासू तर नकाच. पेपरचे कण आत अडकतात आणि प्लग इरिडियम धातूचा असेल तर त्याचं बारीक टोक खराब होतं. प्लग कोरडा काळा असेल तर एअर फिल्टर आणि मिश्रण तपासा, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील.

राहिलं आवळणं. हेड ॲल्युमिनियमचं असतं. इंजिन थंड असताना प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा. वॉशर नवा असेल तर पुढे पान्याने अर्धा फेरा, आधी वापरून दबलेला असेल तर जेमतेम एक बारांश फेरा. १० मिमीच्या आट्यांना १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त जोर लावून आटे गेले, तर हेलिकॉइल (आटे दुरुस्त करणारी तारेची गुंडाळी) बसवण्याचा खर्च मायलेजमधून निघणार नाही.